हृदयाचं छिद्र: जाळी की टाके?

जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावात बाळाच्या हृदयाला छिद्र असल्याची शंका कधी कधी अंगणवाडीतच येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे वर्षातून दोनदा तपासणी करतं. पुढे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि घरात पहिला प्रश्न: ‘छाती फाडावी लागंल का?’

दरवेळी नाही. खालच्या कप्प्यांमधलं लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं. फक्त इको चुकवायचा नाही. वरच्या कप्प्यांच्या पडद्यात मध्यावर असलेलं छिद्र मांडीच्या शिरेतून नळी घालून, निकेल-टायटॅनियमच्या जाळीने बंद करता येतं. छातीवर टाका नाही. नंतर साधारण सहा महिने अ‍ॅस्पिरिन. मात्र जाळी धरून राहायला छिद्राभोवती ५ मिलिमीटरच्या आसपास काठ हवा. तो नसेल तर ओपन हार्ट शस्त्रक्रियाच. तिथे ‘बिनटाक्याचंच करा’ म्हणून अडून बसू नये.

खालचं मोठं छिद्र असलेलं बाळ दूध पिताना घामाघूम होतं, अंग धरत नाही. औषधांवर फार दिवस काढले तर फुप्फुसांतला दाब कायमचा वाढतो, मग शस्त्रक्रियाही हातची जाते. खर्चासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेत. दवाखान्यात जाताना रेशनकार्ड, आधार आणि इकोचा कागद पिशवीत हवा.