काळा, पण कितवा?

चारठाण्याच्या कोरीव स्तंभासमोर मी पहिल्यांदा ड्रॉइंग बोर्ड मांडला तो मे महिन्यात, भर दुपारी. जिंतूर तालुक्यातलं हे गाव यादवकालीन देवळांच्या अवशेषांसाठी ओळखलं जातं. दगड काळा, म्हणून मी रंगही काळाच घेतला आणि चित्रातला स्तंभ निर्जीव झाला. मग डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. उन्हातली बाजू पायथ्याच्या मातीइतकी फिकट होती. खरा काळा फक्त कोरीवकामाच्या खोबणींत होता, बोटभर.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत आमचे चित्रकलेचे सर एक पट्टी करायला लावत. नऊ घरं, पहिल्यात कोरा कागद, शेवटच्यात सहा-बी पेन्सिलचा काळा आणि मधली सात ज्यानं त्यानं भरायची. यालाच चित्रकार टोन किंवा व्हॅल्यू म्हणतात. ट्यूबमधला पिवळा कितीही दाबून लावला तरी उजळच राहतो आणि जांभळा गडदच. म्हणून चित्राचा सांगाडा आधी काळ्या-पांढऱ्यात उभा करायचा. सर विचारत, ‘‘काळा, पण कितवा?’’

या छटांचा इतिहास थोडक्यात सांगतो. अजिंठ्याची चित्रं १८१९ मध्ये एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. पुढे निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावून ती जपली. तिथल्या चेहऱ्यांवर नाकाच्या दांड्याला दिलेली उजळ छटा पाहिली की हे ज्ञान किती जुनं आहे ते कळतं.

माझा जीव मात्र वालूरच्या बारवेत अडकलाय. सेलू तालुक्यातल्या या बारवेच्या पायऱ्या गोल फिरत खाली जातात, शंखाच्या आत गेल्यासारख्या. गाळानं बुजलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानानं मोकळी केली, त्यांचे उपकार माझ्यासारख्या चित्र काढणाऱ्यावर फार आहेत. हिवाळ्यात सकाळी नऊला जाऊन बसा. प्रत्येक पायरीला दोन छटा दिसतात, वरची सपाटी उजळ आणि उभी बाजू गडद. पण खाली सावलीत उतरलेल्या पायरीची सपाटी वरच्या उन्हातल्या उभ्या बाजूहूनही गडद असते. डोळा हे मान्यच करत नाही, कारण सपाटी म्हणजे उजळ असं त्याला पाठ झालेलं असतं. आणि तळाशी, जिथे सगळ्यात अंधार असायला हवा, तिथे पाण्यात आभाळ उतरलेलं!

हे पाणी कागदाच्या मधोमध ठेवलं की नजर तिथेच बुडून राहते. थोडं डावीकडे सरकवलं की पायऱ्या फिरायला लागतात. रचना म्हणजे माझ्या लेखी एवढंच, बघणाऱ्याला कुठून आत न्यायचं आणि कुठे थांबवायचं.

आई गेली त्या वर्षी मी वालूरला जाऊन ते पाणी काळं रंगवलं. नवव्या घरातलं काळं. समोर आभाळ लख्ख दिसत होतं, तरी हात तिकडे गेला नाही. एका प्रदर्शनात कुणीतरी ‘‘हे चुकलंय’’ म्हणालं. चुकलेलं नव्हतं. त्या वर्षीची बारव तशीच होती. चित्रकाराचं स्वतःचं म्हणणं विषयात कमी आणि अशा निर्णयांत जास्त असतं, असं मला तेव्हापासून वाटतं.

अंधाराच्या अशा निर्णयांवरून दिवाळीत सावळाराम हळदणकरांची आठवण होतेच. हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र अनेक जण राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सावंतवाडीत जन्मलेल्या या चित्रकारानं १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीला, गीताला, उभी करून ते जलरंगात रंगवलं. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये मी दोनदा केवळ त्यासाठी गेलो. जलरंगात फिकटाकडून गडदाकडे जायचं असतं, एकदा झाकलेला उजेड सहजी परत मिळत नाही. दिव्याआड धरलेल्या हाताची बोटं आतून लालसर पेटलेली दिसतात. ती पेटतात कारण भोवतालचा अंधार हळदणकरांनी कचरत लावलेला नाही. चित्रकला शिकणारी मुलं सावली करताना घाबरतात आणि मग त्यांच्या दिव्याला प्रकाशच राहत नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत काही मुलांना घेऊन वालूरला जायचंय. रंगपेट्या घरीच ठेवा, कोळसा आणि कोरा कागद तेवढा आणा, असं त्यांना सांगून ठेवलंय.