तुआमोतूच्या कंकणांत नांगर टाकताना
दक्षिण पॅसिफिक महासागरात, ताहितीच्या पूर्वेस व ईशान्येस, तुआमोतू नावाचा पाऊणशेहून अधिक कंकणाकृती प्रवाळद्वीपांचा जो समूह पसरला आहे, त्यास फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल याने १७६८ साली 'धोकादायक द्वीपसमूह' असे नाव दिले, ते अनाठायी नव्हते. येथील भूमी समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-चार मीटर उंच असल्याने नारळीचे शेंडे काही मैलांवर आल्याशिवाय दिसत नाहीत, आणि रात्री तर खडकावर फुटणाऱ्या लाटांची गर्जना हीच काय ती पूर्वसूचना. भूमी म्हणजे अभय आणि दर्या म्हणजे भय, अशी आपणा जमिनीवरल्या माणसांची समजूत. पण व्यापारी वाऱ्यावर शिडे फुगवून आठवडेच्या आठवडे निर्धास्त आलेल्या खलाशाची झोप उडते ती किनारा जवळ आल्यावर.

या कंकणांची उपपत्ती डार्विनने १८४२ साली मांडली. ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू बुडत जातो, त्याच्या कडेचे प्रवाळ वर वर वाढत राहते, आणि शेवटी डोंगर नाहीसा होऊन कडे तेवढे उरते. आतील सरोवर शांत खरे, परंतु त्यात शिरण्यास कड्यामधील एखाददुसरी खिंडच असते. कित्येक द्वीपांना तीही नसते. नॉर्वेजियन संशोधक हायरडाल याचा 'कॉन-टिकी' तराफा १९४७ च्या ऑगस्टमध्ये याच समूहातील रारोइआच्या खडकावर आदळला, तो मनाजोगती दिशा धरून खिंड गाठणे तराफ्यास साधेना म्हणूनच.

खिंडीचा कारभार मोठा लहरी. येथील भरती-ओहोटी फार तर हातभर, तरीही प्रवाह कधीकधी ताशी पाच-सहा सागरी मैलांच्या वेगाने धावतो, म्हणजे लहान शिडाच्या नौकेचे इंजिन जेवढे जोर करील जवळजवळ तेवढाच. कारण असे, की वाऱ्याकडील बाजूस महासागराच्या लाटा कड्यावरून आत कोसळत राहतात आणि त्या साऱ्या पाण्यास बाहेर पडण्यास वाट एकच. समुद्र खवळला असेल तर भरतीच्या वेळीही पाणी बाहेरच वाहते, आणि भरतीच्या छापील कोष्टकाचा अंमल त्यावर चालत नाही. प्रवाहाच्या समोरून वारा आला की खिंडीच्या तोंडाशी उभ्या लाटा माजतात. म्हणून सुज्ञ नाखवा बाहेरच, शिडे आखडून, पाणी निवण्याची वाट पाहत तासन्‌तास थांबतो. फाकारावा द्वीपाची उत्तरेकडील गारुआए खिंड त्या मानाने उदार, कारण फ्रेंच पॉलिनेशियात तिच्याएवढी रुंद खिंड दुसरी नाही.

आत शिरल्यावर नकाशापेक्षा डोळ्यावर भिस्त. सूर्य माथ्यावर आणि पाठीशी असावा, एकाने नाळेवर, शक्यतो डोलकाठीवर चढून, उभे राहावे: गडद निळे ते खोल पाणी, हिरवट निळे ते वाळूवरचे उथळ, आणि तपकिरी दिसले की प्रवाळाचा सुळका पृष्ठभागाशी आला असे समजावे. हेच पाणी ढग आले किंवा दिवस कलला की एकरंगी शिशासारखे होते, आणि मग अनुभवी डोळाही आंधळाच.

नांगर टाकावा तो वाळूत, आणि पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडावी, ही साधी रीत. पण साखळी तळावर फिरता फिरता सुळक्यांना विळखा घालते, आणि वारा वाढून नौका हिसके देऊ लागली की साखळी तुटते नाही तर प्रवाळ. त्यावरची तोड म्हणजे साखळीस जागोजागी तरंगे बांधून ती तळापासून उचलून धरायची. मोत्यांच्या शेतीचे वाहून आलेले गोळे त्या कामी फुकट मिळतात. वारा बहुधा पूर्वेचा, तेव्हा पूर्वेकडील नारळीच्या आडोशास मुक्काम सुखाचा. मात्र वारा फिरून पश्चिमेचा झाला तर रांगिरोआसारख्या ऐंशी-एक किलोमीटर लांबीच्या सरोवरातसुद्धा दर्याएवढ्याच त्रासदायक लाटा उठतात, आणि जे कडे पाठीशी घेऊन आपण निश्चिंत होतो त्याच्याच दिशेने नौका लोटली जाऊ लागते. यास्तव आभाळाचा रंग बदलताच, जेवण टाकून का होईना, उजेड असेतो सरोवर ओलांडून पलीकडच्या काठाशी जाण्याची तजवीज करावी लागते.