आईच्या वाट्याचे तुकडे

संध्याकाळी साडेसहाला उपकेंद्रातून घरी पोहोचते तेव्हा अंगात त्राण नसतं. दारातच मुलगी विचारते, "आज काय करून राहिली वं आई?" वरण, भात, भाजी, पोळ्या असा पाच माणसांचा स्वयंपाक म्हणजे दीड तास गेला. अशा दिवशी मी सरळ पाच लिटरचा कुकर काढते. मोठ्याचं मटण, घरात असतील त्या भाज्या आणि भरपूर पाणी. तासाभरात सूप तयार!

मोठ्याचं म्हटल्यावर काही मैत्रिणींच्या कपाळाला आठी पडली असेल, ठाऊक आहे. भाड्याचं घर शोधताना "तुम्ही काय खाता?" हा प्रश्न आम्हीही ऐकलाय. आपल्या राज्यात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीचं चालतं. आमच्याकडे मोठ्याचं म्हणजे आता तेच. ज्यांना चालत नाही त्यांनी बकऱ्याचं घ्यावं, कृती बदलत नाही, फक्त शिट्ट्या कमी.

हे सूप मला शिकवलं चेचीने. माझं माहेर बल्लारपूर. कागद कारखाना आणि कोळशाच्या खाणी, त्यामुळे तेलुगू, हिंदी, मलयाळी अशी सगळी माणसं एका गल्लीत. शेजारची केरळची नर्सबाई रात्रपाळीला निघण्याआधी कोळशाच्या शेगडीवर मोठा गंज चढवायची. मटण, आलू, गाजर, काळी मिरी. मसाला जवळजवळ नाहीच. आईला ते फिक्कं वाटायचं. "याले काय चव आहे वं?" म्हणायची. पण मला चेचीच्या घरचं एक नवल वाटायचं. ती डाव गंजाच्या तळापर्यंत घालून पाचही वाट्या सारख्या भरायची, आणि त्यातली एक वाटी तिची स्वतःची असायची.

आमच्याकडे तसं नव्हतं. आधी बाबा, मग भाऊ, मग आम्ही बहिणी. आई शेवटी जेवायची तोवर गंजात रस्सा आणि एखादा आलू उरलेला. विचारलं तर, "मले रस्साच आवडते." आम्ही ते खरं मानलं! पुढे नर्सिंगच्या प्रशिक्षणात हिमोग्लोबिन मोजायला शिकले आणि सुट्टीत घरी आल्यावर आईला तपासणीला नेलं. ७.२ निघालं. बाईचं किमान १२ हवं, ८ च्या खाली म्हणजे गंभीर. वर्षानुवर्षं दम लागतो, चक्कर येते म्हणायची, आणि आम्ही म्हणायचो, वय झालं. तेव्हा तिचं वय बेचाळीस होतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांचं रक्त कमी आढळलं. सूपाने सगळं भरून निघतं असं मी म्हणणार नाही. आईला गोळ्याच घ्याव्या लागल्या. त्यातून आमच्या गडचिरोलीत सिकलसेल आहे, तेव्हा रक्त कमी दिसलं की आधी तपासणी, मगच गोळ्या. पण मटणातलं लोह अंगी लागतं, आणि लिंबू-टमाटरमुळे पालेभाजीतलंही जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो.

आता कृती. अर्धा किलो मटण सुपारीएवढं बारीक कापून घ्यायचं, एखादं हाड असू द्यावं. हे मटण चिवट असतं, म्हणून कच्च्या पपईचा छोटा तुकडा किसून लावून ठेवते. कुकरमध्ये दोन चमचे तेल, दोन कांदे, आलं-लसूण, चार लवंगा, दालचिनी. मटण परतून हळद, मीठ, पाच ग्लास पाणी. सात शिट्ट्या, मग मंद आचेवर पंधरा मिनिटं. तेवढ्यात भाज्या चिरून होतात: दोन आलू, दोन गाजरं, कोहळ्याची फोड, मूठभर बरबटी, दोन टमाटर. थंडीत पोपटाच्या शेंगांचे दाणे मिळाले तर सोडू नका. वाफ गेल्यावर भाज्या घालून एकच शिट्टी. शेवटी चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावायचं, मुनग्याचा कोवळा पाला, कुटलेली मिरी घालून दोन उकळ्या. वरून लिंबू आणि सांबार. पावसाळ्यात वास्ते घालून पाहिले एकदा, पण सूपाला त्यांचाच वास लागला. वास्त्यांची भाजीच बरी.

तुकडे बारीक का? डावात जे येईल ते येईल, निवडून वाढता येत नाही म्हणून. वाढते मीच, चेचीसारखी, तळापासून. पाच वाट्या, सारख्या.

आई आता माझ्याकडेच असते. मागच्या रविवारी तिने हळूच आपल्या वाटीतले दोन तुकडे नातवाच्या वाटीत टाकले. मुलगी बघत होती. काही न बोलता तिने चमच्याने ते उचलले आणि परत आजीच्या वाटीत ठेवले. "खाय वं आजी," म्हणाली, "त्याचे त्याले आहेत."