बिडाच्या पोटातला वेग

गाडीचे चाक वळवणारा स्टिअरिंग नकल किंवा इंजिनातला क्रँकशाफ्ट बऱ्याचदा ओतीव बिडाचा असतो. भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यातल्या वाहनउद्योगात असे भाग रोजच हाताळले जातात. बाहेरून करडा, खडबडीत दिसणारा हा जॉब आतून भक्कम आहे की ठिसूळ, हे डोळ्यांना कळत नाही. कापून पाहावा तर तो वापरता येत नाही. अशा वेळी त्यात श्राव्यातीत ध्वनीचा तरंग सोडतात आणि त्याचा वेग मोजतात.

बिडातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या रूपात असतो. साध्या बिडात त्याचे पातळ पापुद्रे बनतात. वितळलेल्या धातूत थोडे मॅग्नेशिअम मिसळले, की पापुद्र्यांऐवजी गोळे तयार होतात. अशा बिडाला फाउंड्रीत ‘एसजी आयर्न’ म्हणतात. पापुद्र्यांच्या धारदार कडांपाशी ताण एकवटतो आणि तिथून तडा जातो. गोळ्यांपाशी तो धोका फार कमी असतो. मात्र मॅग्नेशिअम मिसळल्यावर ओतायला उशीर झाला तर त्याचा परिणाम ओसरतो, गोळे नीट बनत नाहीत आणि भाग कमजोर निघतो.

हा फरक तरंगाला जाणवतो. घन पदार्थातला ध्वनीचा वेग त्या पदार्थाच्या ताठरपणावर आणि घनतेवर ठरतो. पापुद्रे धातूचा ताठरपणा कमी करतात, म्हणून तरंग मंदावतो. पोलादात अनुतरंगाचा वेग सेकंदाला सुमारे 5,900 मीटर असतो, चांगल्या एसजी आयर्नमध्ये साधारण 5,600 मीटर आणि पापुद्र्यांच्या बिडात 5,000 मीटरच्याही खाली येतो.

हा वेग आलेखावरून कसा काढायचा? तपासनीस भागावर जेल लावून तरंग सोडणारा आणि टिपणारा प्रोब टेकवतो. मध्ये हवेचा थर राहिला तर जवळजवळ सगळा तरंग पृष्ठभागावरूनच परततो, म्हणून जेल हवे. आत गेलेला तरंग पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. पडद्यावर त्याची ओळीने शिखरे उमटतात. उभ्या अक्षावर प्रतिध्वनीची तीव्रता आणि आडव्या अक्षावर वेळ, एकक मायक्रोसेकंद.

समजा, व्हर्निअरने मोजलेली जाडी 28 मिलिमीटर आहे आणि लागोपाठच्या दोन शिखरांत 10 मायक्रोसेकंदांचे अंतर आहे. तेवढ्या वेळात तरंग गेला आणि परत आला, म्हणजे 56 मिलिमीटर चालला. 56 भागिले 10, उत्तर 5.6 मिलिमीटर प्रति मायक्रोसेकंद. एक मिलिमीटर प्रति मायक्रोसेकंद म्हणजेच एक किलोमीटर प्रति सेकंद, त्यामुळे वेग 5,600 मीटर प्रति सेकंद. हेच अंतर 12 मायक्रोसेकंद असते तर वेग सुमारे 4,670 भरला असता आणि तो भाग बाजूला काढावा लागला असता. जाण्यायेण्यातले ‘येणे’ विसरलो, तर चांगल्या भागाचाही वेग 2,800 निघेल.

खरी कसोटी पुढे आहे. पुष्कळ यंत्रे आडव्या अक्षावर वेळ दाखवतच नाहीत, थेट मिलिमीटर दाखवतात. शिखरे तीच, जागाही तीच, पण आता वेग आलेखातून निघत नाही. तो यंत्रात आधीच भरलेला असतो. पोलादाचा 5,920 हा वेग भरून हाच भाग तपासला, तर 28 मिलिमीटरची भिंत पडद्यावर 29.6 मिलिमीटर दिसते. ज्याला अक्ष वाचता येतो, तो इथे जाडीवर शंका घेत नाही. 5,920 ला 28 ने गुणून 29.6 ने भागले, की पुन्हा 5,600 मिळतात.

शाळेतल्या तरंगाच्या आकृतीत नेमका हाच धडा दडलेला आहे. एकच नागमोडी रेषा दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकते. आडव्या अक्षावर मिलिमीटर असतील तर एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. तिथे मायक्रोसेकंद असतील तर तेच अंतर म्हणजे दोलनकाल. पाच मेगाहर्ट्‌झच्या प्रोबचा दोलनकाल 0.2 मायक्रोसेकंद आणि चांगल्या एसजी आयर्नमधली तरंगलांबी 1.12 मिलिमीटर, भागाकार पुन्हा 5.6. कोणत्याही एकाच आलेखात वेग पूर्ण सापडत नाही. एक लांबी आणि एक काळ, दोन्ही हवेत. मेगाहर्ट्‌झला मिलिमीटरने गुणले की किलोमीटर प्रति सेकंद मिळतात, हे लक्षात ठेवले तर शून्यांचा घोळही टळतो.

एककांची हीच काळजी रेडिओ तरंगांच्या बाबतीतही घ्यावी लागते. चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे नारायणगावजवळ खोडद येथे 30 महाकाय अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. अवकाशातल्या हायड्रोजन वायूचे रेडिओ तरंगही तिथे टिपले जातात. त्यांची मूळ वारंवारता 1,420 मेगाहर्ट्‌झ, तरंगलांबी सुमारे 21 सेंटिमीटर. सेंटिमीटरचे 0.21 मीटर करून गुणाकार केला, की सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर हा प्रकाशाचा वेग हाती येतो. रूपांतर न करता गुणले, तर उत्तर शंभर पटींनी चुकते.

म्हणून आलेख समोर आला की सूत्र आठवण्याआधी आडव्या अक्षावरचे एकक वाचावे, शिखरांमधले अंतर लांबीचे आहे की काळाचे ते ठरवावे आणि तरंग एकेरी चालला की दुहेरी, हे विचारावे. नववीतल्या मुलांना ही सवय लागली, तर उद्या त्यांच्यातलाच कोणी प्रोब हातात घेऊन उभा राहील, तेव्हा कमजोर नकल गाडीपर्यंत पोहोचणार नाही.