देवाच्या राईला कोयता लावत नाहीत

ऊस संपतो, रान लागतं

कल्याण–अहिल्यानगर रस्त्यावरच्या पिंपरी पेंढारच्या आसपास ऊस, कांदा आणि बिबट्याच्या गोष्टी. तिथून पश्चिमेला सह्याद्रीच्या धारेकडे निघालं की पाऊस वाढत जातो आणि उघड्या माळाशेजारी एकदम गर्द झाडी दिसते. ती देवराई. जुन्नरमध्ये दुर्गावाडीच्या दुर्गादेवीची, आंबेगावात आहुप्याच्या भैरवनाथाची.

आहुप्याची राई

भर दुपारीही आत ऊन पोचत नाही. गारंबीचे जाडजूड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले. त्यांच्या शेंगा हातापेक्षा लांब, बिया चपट्या, तपकिरी, तळहातावर मावतील एवढ्या. पायाखाली पाचोळ्याचा थर. हा थर पाणी धरून ठेवतो, म्हणून कित्येक देवरायांतले झरे उन्हाळ्यातही वाहतात.

इथले गावकरी बहुतेक महादेव कोळी. नियम त्यांनी पिढ्यानपिढ्या पाळला: राईत कुऱ्हाड-कोयता चालवायचा नाही, वाळली काटकीही चुलीसाठी न्यायची नाही. नेली तर देव कोपतो. घरात दुखणं येतं, बैल दगावतो, वाघ वाट अडवतो. देवळासाठीच लाकूड हवं असेल, तर आधी कौल लावायचा, म्हणजे देवाची परवानगी मागायची.

आयर्लंडमधले मातीचे बांध

अशीच धाकाची राखण आयर्लंडमध्येही दिसते. तिकडे चाळीस हजारांहून अधिक मातीचे गोल बांध आहेत. इ. स. ५०० ते १००० च्या सुमारास बहुतेकांच्या आत शेतकरी कुटुंबं राहत. वस्ती उठल्यावर लोकांनी ती जागा अदृश्य परीलोकांची मानली. बांध फोडला किंवा त्यावरचं हॉथॉर्नचं काटेरी झाड तोडलं, तर गुरं मरतात, माणूस अंथरूण धरतो. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात रस्त्याच्या आड येणाऱ्या अशाच एका झाडासाठी कथाकार एडी लेनिहन यांनी आवाज उठवला. रस्ता झाला आणि झाडही राहिलं.

तिथे धाकाने माती राखली, इथे झाडं.

धाक ओसरल्यावर

या धाकाला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७६ मध्ये पश्चिम घाटातल्या देवरायांवर शोधनिबंध लिहिला, तो या रानांचं मोल ओळखूनच. आयर्लंडमध्ये यंत्रं आल्यावर अनेक बांध सपाट झाले. आपल्याकडे घाव बऱ्याचदा भक्तीच्याच नावाने पडतो: देवळाचा जीर्णोद्धार निघतो, सिमेंटच्या सभामंडपासाठी झाडं जातात. जुन्या कौलात देव एखादं झाड देई. आता कंत्राटदार मोजमाप घेतो आणि कौल कुणी लावत नाही.