शाळेच्या कपाटातले अ‍ॅड्रेनालिन

शेंगदाणा, दूध, अंडे किंवा तीळ यांच्या तीव्र अ‍ॅलर्जीत काही मिनिटांत घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब घसरतो. अँटिहिस्टामिनची गोळी खाज शमवते, जीव वाचवत नाही. त्यासाठी अ‍ॅड्रेनालिनच लागते. ब्रिटनमधील शाळांना त्याचे भरलेले पेन १ ऑक्टोबर २०१७ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकत घेऊन ठेवता येते. मात्र ते कुलपात अडकलेले मुळीच नको. पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गणवेशावरूनच टोचतात. मुलाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. धाप लागली असेल तर बसू द्यावे, पण चालवू नये. लगेच रुग्णवाहिका बोलवावी. पाच मिनिटांत उतार न पडल्यास दुसरे पेन टोचावे. बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावेच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.