आधी ऊब, मग पाना

जाम बोल्ट सोडवणाऱ्यांत आमच्या हुबळी-धारवाडला पूर्वीपासून दोन पंथ आहेत. एक तेलवाल्यांचा, दुसरा आचवाल्यांचा. मी कुठल्या पंथातला, हे इथल्या जुन्या गाड्यांच्या मंडळींनी इतक्यांदा ऐकलंय की मी तोंड उघडलं की ते चहा मागवतात. संपादकांनी मात्र सगळ्या पद्धतींचा आढावा मागितला आहे. घेऊ. निःपक्षपातीपणाची अपेक्षा तेवढी ठेवू नका.

तेलवाले आधी, म्हणजे लवकर आटोपतील. पूर्वी रॉकेल, मग डिझेल, मग ब्रेक ऑइल, आता डब्यातला स्प्रे. सगळ्यात गाजलेला डबा डब्ल्यूडी-40 चा. तो 1953 साली सॅन दिएगोत पाणी हटवायला आणि गंज रोखायला तयार झाला, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर वापरला गेला. त्या कामाला तो उत्तमच. पण गंज म्हणजे नुसता लाल रंग नव्हे. लोखंड गंजलं की मूळच्या कितीतरी पट जागा व्यापतं. ही फुगलेली पूड आट्यांमध्ये ठासून बसते, मग तेल आत जाणार कुठून? वरून मारलेला स्प्रे बोल्टच्या डोक्याभोवती चकाकतो, मालक समाधानाने जेवायला जातो आणि संध्याकाळी बोल्टचं डोकं पान्यात येतं. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं निम्मं मिसळणारे त्यातल्या त्यात बरे; ते मिश्रण पातळ असतं, फटीत शिरतं. पण फट असली तर.

फट करते ती आच. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. ते कळलं रेल्वेच्या माणसांकडून. हुबळीचा रेल्वे कारखाना 1885 चा, सदर्न मराठा रेल्वेच्या काळातला. तिथे वाफेच्या इंजिनांवर आयुष्य घालवलेली माणसं निवृत्त झाली की कारवार रोडच्या एखाद्या गॅरेजच्या दारात स्टूल टाकून बसायची. बॉयलरचे स्टड ज्यांनी काढले, त्यांना फियाटचा आठ मिलिमीटरचा स्टड काय! त्यांतल्या एका मिस्त्रींपाशी आम्ही पोरं घुटमळायचो. कुणी पान्यावर पाइप चढवला की ते जागेवरूनच म्हणायचे, "सावकाश री, तम्मा." हिशोब साधा होता. आठ मिलिमीटरचा बोल्ट घट्ट करायला अडीच किलोग्रॅम-मीटरच्या आसपास जोर पुरतो. फूटभर पान्याला हाताने वीस किलोंचा दाब दिला की सहा होतो. पाइप चढवल्यावर तो कुठे जातो ते बोल्टलाच विचारा.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचे दोन स्वभाव. गदग-विजापूरकडच्या गाड्या कोरड्या. धूळ भरपूर, गंज कमी. कारवार-अंकोल्याच्या गाड्या अरबैल घाट चढून येतात त्या, आणि गोव्याच्याही, समुद्राचं मीठ अंगात घेऊनच. फियाट तशी आली की खरा कस लागायचा. 1089 सीसीच्या त्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियममध्ये पोलादी स्टड, जोडीला ओलावा: दोन धातूंत बारीकशी विजेची घट तयार होते, अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि आट्यांत पांढरी पूड धरते. त्यातून मालकाने रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचं पाणी घातलेलं. ही पांढरी पूड लाल गंजापेक्षा चिवट.

पण अ‍ॅल्युमिनियमचीच एक खोड आपल्या कामाची आहे. तापवल्यावर ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून आच स्टडला नाही, भोवतीच्या धातूला द्यायची. भोक मोठं होतं, स्टड तसा लहानच राहतो, पूड तडकते. मात्र अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध असेल तर 660 अंशांवर, मिश्र धातू असेल तर त्याआधीच, सरळ वितळून खाली येतं. म्हणून ज्योत एका जागी धरायची नाही, फिरवत राहायची. थुंकी चर्रकन उडाली की पुरे. बिडाच्या ब्लॉकमधला पोलादी बोल्ट असेल तर गणित उलटं. तिथे दोन्ही धातूंच्या फुगण्यात फारसा फरक नाही, म्हणून बोल्टलाच तापवायचं. तो फुगून गंजाला चिरडतो आणि गार होताना आकसून मोकळा होतो. गार होऊ द्यायचं, हे निम्म्या लोकांना ठाऊकच नसतं.

गरम असतानाच कडेला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, तेल जिथे पोचत नाही तिथेही. माझे तेलवाले मित्र याला देवळातला उपाय म्हणतात. म्हणोत. त्यांच्या डब्यातला स्प्रे मारून लगेच ज्योत लावणाऱ्याच्या भुवया मी गेलेल्या पाहिल्या आहेत. कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी आधी काढून बाजूला ठेवायची, हे वेगळं सांगायला नको.

मग पाना. बारा कोनांचा रिंग पाना इथे नको, सहा कोनांची गोटी हवी, म्हणजे कोपरे घासत नाहीत. आधी डोक्यावर पितळी दांड्याने दोन-चार ठोके. आणि पहिला जोर सोडण्याच्या दिशेने नव्हे, आवळण्याच्या दिशेने, अगदी केसभर. पूड मोडली की हाताला कळतं. मग पाव आटा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे, मध्ये तेलाचा थेंब (इथे तेलाला माझी ना नाही). सुटता सुटता पुन्हा घट्ट व्हायला लागला की थांबायचं, परत आच द्यायची. पाना स्प्रिंगसारखा लवचिक लागायला लागला, म्हणजे आपण पीळ घालतोय पण बोल्ट फिरत नाहीये, तर हात काढून घ्यायचा. मिस्त्री त्या क्षणी विडी पेटवायचे.

जुन्या अ‍ॅम्बेसेडरबद्दल थोडक्यात. ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, सगळं इंचात, पाने सुतात मोजायचे. छळ करतात ते मॅनिफोल्डखाली सायलेन्सर पाइपचे स्टड; तिथे नट पितळी बसवावेत, ते धरत नाहीत.

तुटलेल्या बोल्टात भोक पाडून ईझी-आउट घालणाऱ्यांबद्दल मी लिहिणार नाही. ईझी-आउट आत मोडला की त्याच्या पोलादात ड्रिलही शिरत नाही. तुटलेल्या टोकावर नट वेल्ड करणं केव्हाही शहाणपणाचं. त्यातही काम करते ती आचच.

राहिला तिसरा पंथ, इम्पॅक्ट गनचा. खरं सांगायचं तर छोटी गन कमी जोरावर धरली तर तिचे ठोके पितळी दांड्याच्या ठोक्यांसारखेच गुणकारी असतात. एका जागी ताकद लावून ओढण्यापेक्षा ते बरं. पण कमी जोरावर धरतो कोण? पोरं पूर्ण हवा सोडतात, खट्‌ आवाज येतो आणि मालकाला सांगितलं जातं की बोल्ट जुना होता. दुसऱ्या मोठ्या शहरातले एक लेखक-जाणकार याच गनचं कौतुक पानोपानी करतात. त्यांनी एकदा कारवारची फियाट उघडून दाखवावी.

दाखवायला फियाट उरलीय कुठे म्हणा. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी, म्हणजे फियाटच, 2003 च्या ऑक्टोबरातली. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाड्यात अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन त्याआधीच, 2014 ला थांबलं होतं. कारवार रोडवर आता अख्खं हेड बदलून देतात. धारवाडला टाटांचा मोठा कारखाना आहे, अभियांत्रिकीची पोरं गॅरेजकडे नाही, त्याच्या फाटकाकडे डोळे लावून असतात. आणि नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर वर काळं प्लास्टिक. नव्या इंजिनांतले हेडचे बोल्ट तर पुष्कळदा एकदाच वापरायचे, ताणून बसवलेले. सोडवायचं कौशल्य नकोच, नवा आणा.

ज्यांच्याकडे अजून जुनी गाडी आहे त्यांनी परत बसवताना आट्यांना तांब्याचं ग्रीस बोटभर लावावं. तेव्हा टॉर्क पान्यावरचा आकडा पुस्तकातल्यापेक्षा कमी धरायचा. पुस्तकातला आकडा बहुधा कोरड्या आट्यांचा असतो, ग्रीसवर तोच जोर दिला तर बोल्ट जास्त ताणला जातो. किती कमी, यावर धारवाडच्या एका मित्राचं नि माझं अजून जमलेलं नाही. तो पंधरा टक्के म्हणतो, मी पंचवीस. तो तेलवाला आहे.